वन्संच्या तोंडी ह्यांचं नाव

मला विलायतेला माझ्या नवऱ्याकडे धाडलं, ते त्यांची बायको म्हणून नव्हे. त्यांच्या बहिणीला सोबत म्हणून. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे चिडून बोलणार आहे त्याला कारण होतं, एवढं वाचणाऱ्याच्या ध्यानात असावं.

हे डॉक्टरीचं पुढचं शिक्षण घ्यायला लंडनला गेले तेव्हा आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या वर्षातले निम्मे दिवस मी माहेरी, बेळगावला लागून असलेल्या शहापूरला, वडिलांच्या हातमागांच्या खडखडाटात काढले. उरलेले निपाणीला, सासरच्या तंबाखूच्या वासात. नवरा-बायको म्हणून आम्ही एकमेकांशी किती बोललो असू, ते आठवायला फार वेळ लागत नाही. दोन वर्षांत येतो म्हणून गेलेला माणूस लढाई पेटली आणि तिकडेच अडकला. त्याच गावात दवाखान्यात नोकरी धरली. लढाई संपली तरी परत येण्याची भाषा नाही. मी सोळाची होते ती चोवीसची झाले, आणि घरात माझं स्थान काय म्हणाल तर थोरली सून, म्हणजे सगळ्यांच्या आधी उठणारी.

मग एक दिवस ह्यांचं पत्र मामंजींना आलं. वन्सं बी. ए. झाल्या होत्या. तिला पुढं शिकायला इकडे धाडा, मी आहे, काळजी नको, असं त्यात होतं. माझं नाव नाही, गाव नाही. मामंजींकडे पैसा होता. लढाईच्या वर्षांत विड्यांचा खप वाढला आणि आमच्या वखारी भरून वाहिल्या. जहाजात जागा मिळेना, तर विमानाची तिकिटं काढू म्हणाले. पण वीस वर्षांची बिनलग्नाची पोर एकटी कशी धाडायची? सासूबाईंना दमा. दीर वखारीत गुंतलेले. जेवणाच्या पंगतीत मामंजींची नजर फिरत फिरत वाढायला वाकलेल्या माझ्यावर येऊन थांबली.

"थोरली जाऊं दे की सोबत," मामंजी म्हणाले. "तीन म्हैनं ऱ्हाईल, पोरीचं बस्तान बसवंल आनि यील माघारी."

म्हणजे वन्संचं तिकीट जाण्याचं, आणि माझं जाऊन येण्याचं. मामंजींनी तसं ह्यांना कळवलं. ह्यांचं उत्तर आलं, त्यात माझ्याबद्दल एकच शब्द होता: 'बरं.' त्या शब्दाकडे मी किती वेळा बघितलं असेल! ते बरं म्हणजे येऊ दे, की ते बरं म्हणजे आलीच तर येईना का? ते परतीचं तिकीट मला वापरावं लागणार की नाही, हे त्या एका शब्दावरून काही कळत नव्हतं. घरातल्या कुणालाही त्यात न कळण्यासारखं काही वाटलं नाही.

वन्संवर मी जळत होते. आडून आडून कशाला सांगू? त्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, त्यांची वेणी मी घातलेली, आणि तरी रीत म्हणून त्यांना 'तुमी' म्हणायचं. तेही चाललं असतं. पण कॉलेज बेळगावला, म्हणून चार वर्षं त्या राहिल्या कुठे, तर शहापूरला, माझ्या माहेरी. ज्या बापानं मला चौथीनंतर शाळेतून काढून मागाच्या कांड्या भरायला बसवलं, त्याच बापानं माझ्या नणंदेसाठी माडीवरची खोली रिकामी केली, टेबल आणलं, आणि त्या वाचत बसल्या की खालचे माग बंद ठेवले. माझ्या बापानं! माग बंद! मी माहेरपणाला गेले की माझी आई मला हळू बोलायला सांगायची, वन्संचा अभ्यास चाललाय म्हणून. स्वतःच्या आईच्या घरात मी पाहुणी, आणि ती घरची.

आता नावाची गोष्ट. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं मला माझ्या आजीनं सांगितलं आणि मी ते मनापासून मानलं. ह्यांचं नाव देवाचं आहे. त्या देवाचं देऊळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं, तर मी त्याला 'चौकातला देव' म्हणत असे. भजनात ते नाव आलं की मी तोंड मिटून घेई. लढाईत लंडनवर बाँब पडायला लागले आणि मामंजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवू लागले, तेव्हा तर मी हा नेम डोळ्यांत तेल घालून पाळला. झोपेत बोलून जाईन म्हणून भ्यायले. हे जिवंत राहिले ते माझ्या न बोलण्यानं, अशी माझी समजूत होती. ती कुणाजवळ बोलले नाही, कारण कुणी विचारलं नाही.

अशी मी, एक पत्र्याची ट्रंक, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि दशम्यांची चवड घेऊन वन्संच्या मागून निघाले. बेळगावहून रेल्वेनं पुणं, तिथून मुंबई, आणि मुंबईहून पहिलं विमान, कराचीचं. त्या विमानाविषयी मला फक्त एवढं आठवतं की मी डोळे मिटून होते आणि वन्सं खिडकीतून बघून "वैनी, समुद्र! वैनी, बघा तरी!" म्हणून माझा दंड हलवत होत्या. खिडकीजवळची जागा त्यांना मिळाली होती, हेही आठवतं.

कराचीला आम्हाला विमान बदलायचं होतं. पुढचं विमान पाण्यावर उतरणारं. त्याचा तळ म्हणजे खाडीच्या काठचा एक धक्का, एक बैठी कचेरी आणि पाण्यात म्हशीसारखं बसलेलं ते धूड. कचेरीत आधी सामानाचं वजन केलं आणि मग आमचं. हो, माणसांचं! एक मोठा काटा होता, आमच्या वखारीत तंबाखूचे बोद तोलायला असतो तसाच, आणि त्यावर एकेका उतारूला उभं करत होते. वन्सं चढल्या, उतरल्या, गोरा कारकून काहीतरी म्हणाला आणि त्या हसल्या. मी चढले तेव्हा काटा जरा जास्तच खाली गेला. कारकून हसला नाही, नुसतं लिहून घेतलं. मी लुगड्याखाली स्वेटर घातलेत, एकावर एक दोन, हे त्याला कुणी सांगायचं?

पुढच्या टेबलावर पासपोर्ट बघणारा अंमलदार होता. त्यानं माझा पासपोर्ट उघडला, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हिंदीत विचारलं, "पती का नाम?"

नाव समोर लिहिलेलं होतं. त्याला वाचता येत होतं. पण मी मीच आहे का, हे त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी खाली बघितलं. त्यानं पुन्हा विचारलं, जरा दरडावून. मी बोटानं पासपोर्टावरचं नाव दाखवलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. स्वतःच्या नवऱ्याचं नाव सांगता येत नाही अशी बाई म्हणजे कुणा दुसरीच्या कागदावर पळून चाललेली असणार, असं त्याला वाटलं असेल. तेवढ्यात माझ्या मागून वन्संनी ते सांगितलं. ह्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मोठ्यानं, खणखणीत, पुढे 'डॉक्टर' लावून. अंमलदाराची आठी गेली. त्यानं शिक्का मारला.

मी वन्संचे उपकार मानायला हवे होते. मला राग आला. आठ वर्षं मी जे नाव जिभेखाली जपून ठेवलं, ते ह्या पोरीनं पानसुपारी काढून द्यावी तसं काढून दिलं. बहीण आहे, तिनं नाव घेतल्यानं काही होत नाही, हे मला कळत होतं. पण त्या धक्क्यावर सगळ्यांच्या देखत ते नाव तिचं झालं आणि मी नुसती मागं उभी राहिले, ट्रंक धरून.

विमानात बसल्यावर वन्सं म्हणाल्या, "वैनी, एकदा घ्या की नाव. जीभ काय झडतीया व्हय?"

"तुमचं लगीन होऊं दे, मग इचारीन," मी म्हणाले.

"मी तर घेनार. हाका मारून बोलवनार नवऱ्याला."

"मारा की. कोन नको म्हनतंय?" असं म्हणून मी दशमी सोडली आणि तोंड त्यात गुंतवलं.

बसऱ्याला उतरलो ते नदीत. काठाला खजुरीची झाडं, आणि पाहुण्यांसाठी मोठं उतारघर. रात्रीचा मुक्काम तिथेच. उतरल्या उतरल्या देवी टोचल्याच्या डागाची तपासणी आणि पुन्हा तेच टेबल, तोच प्रश्न. इथला अंमलदार इंग्रजीतून विचारत होता, पण आता तो प्रश्न मला ओळखू येऊ लागला होता. यावेळी मी ठरवूनच आले होते. वन्संनी तोंड उघडायच्या आत आपणच सांगायचं. पण सांगायचं कसं? नाव घेण्याची एकच रीत मला ठाऊक होती. मी पदर सारखा केला, खाली बघितलं आणि उखाणा सुरू केला:

"शहापूरच्या मागावर हिरवीगार साडी…"

अंमलदारानं टाक उचलून धरला. मागची गोरी माणसं वाकून बघू लागली. उखाण्याची दुसरी ओळ नावानं सुरू होत होती आणि तिथंच मी अडखळले. लग्नात हाच उखाणा घेतला होता. पण तेव्हा भोवती बायका होत्या, हळदीकुंकू होतं, आणि लंडनवर बाँब पडत नव्हते. इथे नाव फुटेना. पुढची 'दारात आली गाडी' तेवढी मी पुटपुटले आणि थांबले.

वन्संना हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून त्या हसल्या, आणि अंमलदारानं काय म्हणाल्या म्हणून विचारलं तर इंग्रजीतून त्याला काहीतरी समजावून दिलं. तोही हसला. मग त्या दोघांचं हसून झाल्यावर वन्संनी ह्यांचं नाव सांगितलं आणि त्यानं लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्यानं वन्संना लवून म्हटलं, "थँक यू, मिसेस…" आणि पुढे आमचं आडनाव. मिसेस म्हणजे काय ते मला माहीत होतं. निपाणीच्या दवाखान्यातली मडम मिसेस होती.

"त्याला सांगा, तुमी मिसेस न्हाय," मी म्हणाले.

"ऱ्हाऊं द्या वो वैनी. परत कुठं भेटनार हाय तो आपल्याला?"

ज्याच्या नावावर हात मारलाय त्यालाच कळतं. ज्यानं मारला त्याला ती गंमत वाटते. त्या संध्याकाळी उतारघराच्या जेवणघरात वन्सं एका गोऱ्या म्हातारीशेजारी बसून काट्याचमच्यानं जेवल्या आणि मी भातच तेवढा हातानं खाल्ला. जेवताना त्या मला सांगत होत्या, अण्णाला, म्हणजे ह्यांना, आता चहात साखर लागत नाही. रेशनमुळे सवय मोडली. मला ते माहीत नव्हतं. मला कसं माहीत असणार? ह्यांची पत्रं इंग्रजीतून वन्संना येत, बहिणीचं इंग्रजी सुधारावं म्हणून. नवऱ्याच्या चहात साखर किती, हे मला नणंदेकडून बसऱ्यात कळलं. 

कैरोला खरा कडेलोट झाला. तिथे विमान नाईल नदीत उतरलं आणि आम्हाला मुक्कामाला नेलं ते काठाला बांधलेल्या एका मोठ्या नावेवर. नाव कसली, दुमजली बंगलाच तो, आत खोल्या, गालिचे, आरसे. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. दारातल्या कारकुनाच्या हातात उतारूंची यादी होती. त्यानं नावं पुकारून किल्ल्या वाटल्या. आमचं आडनाव आलं तसा त्यानं 'मिसेस' म्हणून वन्संच्या हातात किल्ली ठेवली, नदीकडच्या मोठ्या खोलीची, आणि मला खालच्या मजल्याकडे जाणारा जिना दाखवला. तिथे मडमांची पोरं सांभाळणाऱ्या आया उतरल्या होत्या. बसऱ्याहून जो कागद पुढे आला, त्यावर तसंच लिहून आलं असणार. नाव सांगणारी ती बायको, न सांगणारी ती दासी. त्या लोकांना ह्यापलीकडे काय कळणार?

यावेळी मात्र वन्संचं हसू गेलं. त्या कारकुनाशी तावातावानं बोलल्या. चूक सुधारली, दोघींना एकच खोली दिली, खिडकीजवळचा पलंग मला. पण मी त्या पलंगावर बसले नाही. जमिनीवर चादर टाकली.

"वैनी, माजी काय चूक हाय ह्यात?" वन्सं काकुळतीला येऊन म्हणाल्या. "तुमी बोलत न्हाय म्हनून मी बोलतो. न बोलून काय करू? तुमाला तितंच सोडून येऊ?"

"सोडायचं होतं. माजं परतीचं तिकीट हायच."

त्या वाकून माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मग म्हणाल्या, "अण्णा तुमाला माघारी लावंल असं वाटतंय तुमाला?"

 वाटत होतंच. विलायतेत राहिलेला माणूस, इंग्रजी बोलणारी त्याची बहीण, आणि मध्ये मी, चौथी शिकलेली, दोन स्वेटर घातलेली. आमच्या दोघींकडे बघून तो काय ठरवेल हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? तीन महिने स्वैपाक करायचा, बहिणीची घडी बसवून द्यायची, आणि परत येऊन निपाणीला सगळ्यांच्या आधी उठायचं. वन्सं तिकडे ह्यांच्या चहाला बसणार. मला रडू आलं नाही, वन्सं मऊ गादीवर निवांत झोपी गेल्या ह्याचाच जास्त राग आला.

पुढचा प्रवास थंडीचा. एका बेटाजवळ विमान तेल भरायला उतरलं, मग फ्रान्समध्ये एक मुक्काम, आणि तिथून निघाल्यावर वाऱ्यात विमान असं उसळू लागलं की वन्संच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. मला काही झालं नाही. खरं सांगते, आतून बरं वाटलं. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, लिंबाची फोड नाकाशी धरली, कपाळ चेपलं. हे सगळं मी मन लावून केलं, आणि तरी आतून बरं वाटत होतं. एकाच वेळी दोन्ही होऊ शकतं.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर, एका बंदरात, विमान शेवटचं पाण्यावर टेकलं. लाँचमधून धक्क्यावर, धक्क्यावरून रेल्वेत. वन्सं पांघरुणात गुंडाळलेल्या, डोळे मिटलेल्या. बंदरावरच्या अंमलदारानं त्यांची अवस्था बघून कागद नुसते चाळले आणि सोडून दिलं. खिडकीतून काळी झाडं, काळी घरं आणि बर्फ. मध्येच पडक्या भिंती, ज्यांच्या वरच्या मजल्याला अजून कुणाच्या खोलीचा रंगीत कागद चिकटलेला. बाँब पडले ते असे पडले होते. मी मनातल्या मनात चौकातल्या देवाला हात जोडले.

लंडनला विमान कंपनीची एक भली मोठी इमारत होती. विमानानं आलेल्या सगळ्यांना आधी तिथे नेत. आत भला लांबरुंद दिवाणखाना, एका बाजूला सामानाचे ढीग, एका बाजूला टेबलं, आणि लाकडी कठड्यापलीकडे न्यायला आलेली माणसं, टोप्या आणि काळे कोट घातलेली, सगळी एकसारखी. हे तिथे येणार होते. मी कठड्याकडे बघितलं. मला ह्यांचा चेहरा आठवत होता तो चोवीस वर्षांच्या माणसाचा. ह्या काळ्या कोटांत तो कुठला?

वन्संना आत शिरताच पुन्हा मळमळलं. एक नर्स त्यांना धरून मोरीकडे घेऊन गेली. मी टेबलापाशी एकटी राहिले.

टेबलामागे चष्मेवाली मडम होती. तिनं माझे कागद उघडले. परतीच्या तिकिटावर बोट ठेवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. तारीख कोणती धरू, असं असावं. मी मान हलवली. मग तिनं कठड्याकडे हात करून विचारलं, आणि त्यातले दोन शब्द मला बरोबर कळले, कराचीपासून तेच तर ऐकत आले होते: "हजबंड्स नेम?" तिला ते नाव पुकारायचं होतं. नाव मिळालं की ती पुकारणार, ते ऐकून तो माणूस पुढे येणार. नाही मिळालं तर मी तिथेच उभी राहणार, आणि वन्सं तोंड धुऊन येणार, आणि नाव घेणार, आणि हे येणार ते त्यांच्या हाकेला.

नाही. हे एक तरी मी त्या पोरीला देणार नव्हते. एवढ्या लांब येऊन ह्यांना हाक मारायची तीही तिनंच?

मी नाव घेतलं. मडमला ऐकू गेलं नाही. तिनं कानामागे हात धरला. मग मी वखारीत हमालाला हाक मारतात त्या आवाजात ते पुन्हा घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पुढे 'डॉक्टर' लावून. सगळा दिवाणखाना दणाणला. कानात माझाच आवाज घुमत राहिला आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, आता काय कोसळतं ते बघत.

"अगं पोरी! पोरी!" मागून आवाज आला. मराठी. निपाणीचं मराठी. मी अर्धवट वळले. कठड्याच्या फटीतून आत शिरलेला एक माणूस, केस कानाशी पिकलेले, बाहेरच्या थंडीतून आल्यामुळे चष्म्यावर धुकं धरलेलं. तो चष्मा काढून मफलरच्या टोकानं पुसत, डोळे किलकिले करत माझ्याकडे येत होता.

"आलीस व्हय गं! केवढा आवाज झालाय तुजा. लांबनंच वळकलं मी. आमच्या घरात माजं नाव घेनारी तुज्याशिवाय दुसरी हाय कोन?" आणि मग एकदम आवाज खाली आणून, माझ्या डोक्यावरून पलीकडे सामानाच्या ढिगाकडे बघत, "आनि ती? ती आली न्हवं? कुठं बसवलीस तिला?"

मी ट्रंकेची कडी घट्ट धरली.

"हे बघ, तिला आत्ताच काय बोलू नकोस. आप्पांनी ते परतीचं तिकीट काढलंय न्हवं, ते मी मोडनार हाय. एक खोली बघून ठेवलीया. लहान हाय, पन चूल हाय, आनि खिडकीतनं झाड दिसतंय. आवडंल का गं तिला? आठ वर्सं मी काय बोललो न्हाय. बापाला बायकोबद्दल काय लिवनार मानूस? 'बरं' लिवलं, झालं." चष्मा पुसून संपत नव्हता.  "ती रागावलीया का माज्यावर?"

कराचीला, बसऱ्याला, कैरोला मी वन्संवर जळले. पण त्या टेबलापाशी ज्या बाईवर जळले तशी आजवर कुणावरच जळले नाही. कोण ही बया, जिच्यासाठी हा माणूस खिडकीतून झाड दिसणारी खोली शोधत फिरतो? जिला आवडेल का म्हणून हा पुन्हापुन्हा चष्मा पुसतो? चोवीस वर्षांत मला काय आवडेल असं कुणी एकदा तरी विचारलं होतं का? हे मला वन्सं समजून बोलताहेत आणि ती बाई मीच आहे, हे मनाला पटायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मी तिचा जीव भरून हेवा केला.

ह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे बघितलं. बघत राहिले. मग मानेपासून कपाळापर्यंत लालभडक झाले.

"नाव तू घेतलंस?"

"घेतलं," मी म्हणाले. "बाँब थांबल्यात म्हनून घेतलं. पुन्यांदा घेनार न्हाय."

टेबलामागची मडम काही विचारत होती. ह्यांना ते ऐकू येत नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून ट्रंक घेतली, खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि तशीच धरून उभे राहिले.

एवढ्यात वन्सं तोंड पुसत आल्या. "अण्णा!" म्हणून त्यांनी हाक मारली. हे माझ्याकडेच बघत होते. बहिणीला 'आलीस' म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. वन्सं एक पाऊल पुढे आल्या, तशाच थांबल्या, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. ते मी बघितलं, आणि मला फार बरं वाटलं.